क्रोध आणि निग्रह

आपल्या नीतिविचाराने क्रोधाची गणना षड्रिपूंत केली आणि निग्रहाला त्याच्या विरुद्ध पक्षात बसविले. जणू एकाचा लोप झाल्यावाचून दुसऱ्याचा उदय संभवतच नाही. ही वाटणी कितपत यथार्थ आहे, असा संशय देहाच्या व्यवहाराकडे पाहिले असता उत्पन्न होतो.

१९५७ साली लंडनमधील मिल हिल येथील संशोधनसंस्थेत ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातील पापुद्र्यावर उष्णतेने निकामी केलेले इन्फ्लुएंझाचे विषाणू सोडले, तेव्हा त्या पेशींतून पाझरलेले एक द्रव्य इतर पेशींना विषाणूविरुद्ध सज्ज करते, असे त्यांना आढळले. हेच इंटरफेरॉन. पेशीपेशींत निरोप पोचविणाऱ्या अशा द्रव्यांना सायटोकाइन म्हणतात. त्याच वर्गातले इंटरल्यूकिन-१ मेंदूला ज्वराचा हुकूम सोडायला लावते. टीएनएफ हे त्याच वर्गातले दुसरे द्रव्य रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करून लढाऊ पेशींना संसर्गाच्या जागी वाट करून देते. परंतु हाच हुकूम सर्व देहभर बेबंद सुटला, तर रक्तदाब कोसळतो आणि जंतूंनी न केलेला घात संरक्षकच करतात.

मग देहाचा हा संताप समूळ उपटावा काय? संधिवातावर टीएनएफला निष्प्रभ करणारी औषधे दिली असता काही रुग्णांत सुप्त क्षय पुन्हा जागा झाला; कारण क्षयजंतूंभोवतीचा पेशींचा वेढा त्याच द्रव्याच्या बळावर टिकून असतो. देहाची स्वतःची तजवीज निराळी आहे. जी भक्षकपेशी टीएनएफ सोडते, तीच काहीशा विलंबाने इंटरल्यूकिन-१० सोडून तहकुबीची ताकीद देते. आणि ज्या उंदरांत हे दुसरे द्रव्य निर्माणच होत नाही, त्यांच्या आतड्यांना जुनाट दाह जडतो.

निसर्गात जे घडते ते धर्म्यच असते, असे मात्र कोणी समजू नये. पेशीला विवेक नाही. म्हणून तिला दोषही नाही आणि पुण्यही नाही. मनुष्याला विवेक आहे, आणि नेमकी म्हणूनच त्याची जबाबदारी अधिक कठोर आहे. अन्यायाविरुद्ध उठणारा क्रोध त्याज्य नव्हे. त्याज्य आहे तो निग्रहाचे काम दुसऱ्या कोणावर, किंवा पश्चात्तापावर, सोपवून निर्धास्त होणारा क्रोध. ज्याने युद्धाचा हुकूम काढला, त्यानेच तहकुबीचा हुकूमही काढला पाहिजे, आणि तोही युद्ध चालू असतानाच.