लोईस आजीची सेवा

(वचन : 2 तीमथ्य 1:5; 1 तीमथ्य 5:4)



पौल प्रेषिताने तीमथ्याच्या विश्वासाची आठवण केली, तेव्हा त्याने प्रथम त्याची आजी लोईस हिचे नाव घेतले व मग त्याची आई युनीके हिचे. शास्त्रात लोईसचे नाव या एकाच ठिकाणी आढळते. तिने कोठे उपदेश केला किंवा मंडळी स्थापिली, असे लिहिलेले नाही. तिचा विश्वास नातवाच्या ठायी उतरला, एवढेच तिचे चरित्र होय.

अशा आज्या आज कोठे आहेत? आपल्या गावच्या मंडळीत ज्या वृद्ध बहिणींच्या जागा रिकाम्या दिसतात, त्यांपैकी कित्येक उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथे मुलाच्या घरी नातवंडे सांभाळीत आहेत. बदलापुराहून मुंबई सुमारे 68 किलोमीटर. मुलगा व सून सकाळची लोकल धरितात, ती दिवेलागणीनंतर परततात. मधला सारा दिवस मूल आजीच्या कडेवर असते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही बदलापुरास अशाच एका बहिणीच्या भेटीस गेलो. ती उपासनेस येत नाही म्हणून तिला बोल लावावा, असा आमचा हेतू होता. ती म्हणाली, "पाळकसाहेब, ती दोघे आठवडाभर दमतात. रविवारी जरा झोपू द्यावीत म्हणून पोराला मीच घेऊन बसते." फळीवर तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट पडले होते. मुलास का सांगितले नाही, असे विचारिता ती म्हणाली, "त्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे. त्यात माझं आणखी कशाला?" मग तिने नातवापुढे भाताची ताटली ठेविली. मूल अवघे तीन वर्षांचे. परंतु हात जोडून डोळे मिटल्यावाचून त्याने घास घेतला नाही. आमचा बोल आमच्या तोंडातच राहिला.

यावरून दोन गोष्टी शिकाव्या. पहिली ही की, नातवंडांचे संगोपन ही हलकी चाकरी नव्हे. नामीने रूथचे बाळ उराशी धरिले व ती त्याची दाई झाली. त्याच वंशात दावीद राजा जन्मला. उल्हासनगराकडेच पाहा. 1947 च्या फाळणीने घरदार सुटलेली सिंधी कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीत आली. 1949 साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. जमीन मागे राहिली, पण भाषा वडीलधाऱ्यांच्या मुखातून नातवंडांपर्यंत आली. विश्वासही असाच पोहोचतो.

दुसरी गोष्ट ही की, वडिलांचे ऋण फेडणे हा देवभक्तीचा पहिला धडा आहे, असे प्रेषित शिकवितो, आणि तेथे तो मुलांबरोबर नातवंडांचेही नाव घेतो. आपल्या देशाच्या 2007 च्या कायद्यानेही, ज्या आजीआजोबांस स्वतःचा निर्वाह करिता येत नाही, त्यांच्या पोषणाचा भार मुलांवर व सज्ञान नातवंडांवर ठेविला आहे. परंतु ख्रिस्ती घरात प्रीतीने जे व्हावयाचे, ते कायद्याच्या धाकाने का व्हावे?

त्या रात्री मुलगा येईपर्यंत आम्ही थांबलो. गोळ्या संपल्याचे त्यास खरोखरच ठाऊक नव्हते. त्याने आईस कधी विचारिले नव्हते, व तिने सांगितले नव्हते. म्हणून मुलांनो, विचारा. आयांनो, सांगा, दुखणे लपविणे हा त्याग नव्हे. प्रभुवारी मूल आईबापांनी घ्यावे व आजीस उपासनेस पाठवावे. सर्वच आले तर अधिक बरे. आणि उपदेशक बंधूंनो, गावची एखादी बहीण नातवंडांसाठी शहरास निघाली, तर तेथील पाळकास कळवा. तिचे नाव पटावरून खोडू नका. तिला सेवेस पाठविली, असे समजून तिच्यासाठी प्रार्थना करा.

प्रभू थकलेल्या हातांस बळ देवो, आणि त्या हातांनी वाढविलेल्यांस त्यांची आठवण देवो. आमेन.