दगडाची भाकर

राखेच्या बुधवारनंतरच्या पहिल्या रविवारी कॅथलिक चर्चमध्ये दर वर्षी एकच प्रसंग वाचला जातो : अरण्यात झालेली येशूची परीक्षा. वाचनासाठी घेतलेलं शुभवर्तमान तीन वर्षांच्या चक्राने बदलतं, प्रसंग बदलत नाही. मार्क तो दोन ओळींत आटोपतो. मत्तय आणि लूक सैतानाचा आणि येशूचा संवाद सविस्तर देतात. राखेच्या बुधवारी सुरू होणाऱ्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळात माणसाने आध्यात्मिक वाढ साधावी असं आपण नेहमी ऐकतो. ही वाढ नेमकी कशात व्हायची, याचं उत्तर या पहिल्याच वाचनात आहे.

यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा होतो. हा माझा प्रिय पुत्र, असं आकाशातून ऐकू येतं. आणि लगेच तो अरण्यात जातो. हे अरण्य झाडीचं नाही. यहूदियातल्या चुनखडीच्या उघड्याबोडक्या डोंगरांचं आहे. परंपरेने ज्या डोंगरावर हा प्रसंग घडला असं मानतात, तो यरीहोजवळ आहे. त्याचं जबल कुरुंतुल हे नाव चाळीस या आकड्यावरूनच पडलेलं. आज तिथे कड्याला चिकटून एक ग्रीक ऑर्थोडॉक्स मठ उभा आहे. पायाखाली दगडच दगड. चाळीस दिवस पोटात अन्न नसलेल्या माणसाला त्यातला एखादा चपटा, गोल दगड भाकरीसारखा दिसला तर नवल नाही. सैतान तेवढंच सुचवतो : तू देवाचा पुत्र ना? मग कर की या दगडांच्या भाकरी.

यात वाईट ते काय? भूक खरी आहे. भाकर हे काही पाप नाही. सामर्थ्य स्वतःचं आहे, दगड कुणाच्या मालकीचे नाहीत, कुणाचा घास हिरावला जाणार नाही. आपल्यापैकी कुणीही म्हणेल, खाऊन घे बाबा. तरीही येशू नाही म्हणतो. त्याने मोहावर ताबा मिळवला, असं आपण म्हणतो आणि पुढे जातो. पण खरी गोम भाकरीत नाहीच, ती अटीत आहे. पुत्रपण बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेलं आहे, न मागता. सैतानाला ते सिद्ध करून हवं आहे, तेही स्वतःची सोय करून घेऊन. ही अट येशू मानत नाही. हाताशी असलेलं सामर्थ्य तो स्वतःसाठी वापरत नाही, एवढंच त्या दिवशी अरण्यात घडतं.

ते सामर्थ्य त्याने कायमचं बाजूला ठेवलं असंही नाही. पुढे गालील समुद्राच्या काठी पाच हजारांचा जमाव भुकेला असतो, तेव्हा तो भाकरी वाढवतो. चारही शुभवर्तमानांत ही हकिगत आहे. योहान सांगतो, की एका मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या होत्या, त्यातूनच सगळे जेवले. स्वतःच्या भुकेसाठी नाकारलेली गोष्ट दुसऱ्यांच्या भुकेसाठी तो सहज करतो. आणि लोक खूश होऊन त्याला राजा करायला निघतात, तेव्हा एकटाच डोंगरावर निघून जातो. अरण्यात सैतानाने राज्यंही देऊ केली होती. तीच आता भक्तांच्या हातून चालून आली होती.

प्रायश्चित्तकाळाचा अर्थ या दोन भाकरींच्या मधोमध सापडतो. उपवास, प्रार्थना, दानधर्म या तिन्ही गोष्टी चर्च एकत्र सांगतं ते उगाच नाही. उपवास एकटा राहिला, तर तो फार लवकर दगडाची भाकर होतो. मी चाळीस दिवस मांस खाल्लं नाही, मी दारू सोडली, मी मोबाइल बाजूला ठेवला, माझं वजन चार किलो उतरलं. बघा, जमलं मला! आपण आपल्याच इच्छाशक्तीवर जेवायला लागतो. शुक्रवारी मटण वर्ज्य म्हणून घरात पापलेटचं कालवण आणि वर तळलेली सुरमई होते, तेव्हा ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण फक्त हिंदूंपुरती राहत नाही. नियम मोडलेला नसतो. पण वाचलेला घास कुठेच गेलेला नसतो, तो आपल्याच ताटात वेष बदलून आलेला असतो.

राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी, म्हणजे काळ सुरू होऊन तिसऱ्याच दिवशी, मिस्सामध्ये यशया संदेष्ट्याचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात. उपास करूनही देव लक्ष देत नाही, अशी लोकांची तक्रार असते. संदेष्टा त्यांना खडसावतो : उपासाच्या दिवशीही तुम्ही कामकऱ्यांना पिळून काढता, भांडता, हात उगारता. देवाला हवा तो उपास म्हणजे जुलमाची बंधनं सोडणं, भुकेल्याला आपल्यातली भाकर देणं, बेघराला घरात घेणं. यशया पोटाबद्दल फारसं बोलतच नाही. तुमची सत्ता कुणावर चालते आणि तिचं तुम्ही काय करता, हा त्याचा प्रश्न आहे.

सत्ता म्हटलं की आपण मंत्र्यांकडे बोट दाखवतो. पण प्रत्येकाच्या हातात थोडीफार असतेच. घरकामाला येणाऱ्या बाईचा पगार पहिल्या तारखेला द्यायचा की आठवण करून द्यायला लावायची, ही सत्ता आहे. कागदावर आज सही करायची की माणसाला उद्या परत यायला सांगायचं, ही सत्ता आहे. भांडणात आपलंच बरोबर असतं आणि शेवटचा टोमणा जिभेवर तयार असतो. तो मारायचा की गिळायचा, हीसुद्धा सत्ताच. दगडाची भाकर करण्याची ही आपली रोजची संधी. ती सोडायला मांस सोडण्यापेक्षा जास्त बळ लागतं, आणि सोडल्याचं कुणाला दिसतही नाही.

इथे एक सावधगिरी हवी. हे निरूपण सत्ता असलेल्याने स्वतःला ऐकवायचं आहे, दुसऱ्याला नाही. ज्याच्या घरी चूलच पेटली नाही त्याचा उपवास नसतो, ती उपासमार असते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘तू स्वतःला वाचवू नकोस, क्रूस वाहा’ असं सांगणारा मनुष्य अरण्यातल्या येशूच्या बाजूने बोलत नसतो. येशूने आपलं सामर्थ्य आपखुशीने आवरलं. दुबळ्यांना दुबळंच राहा असं त्याने सांगितलं नाही. चर्चच्या नियमातही ही समज आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी उपवास बंधनकारक आहे. वयाची अठरा वर्षं पुरी झाल्यापासून साठावं लागेपर्यंतच तो लागू होतो, आणि आजाऱ्यांना त्यातून मोकळीक आहे.

अरण्यातला प्रसंग संपवताना लूक म्हणतो, की सैतान योग्य वेळ येईपर्यंत निघून गेला. ती वेळ झावळ्यांच्या रविवारी येते. त्या दिवशी दुःखसहनाची दीर्घ कथा वाटून वाचतात. निवेदक एक, येशूचे शब्द बहुधा फादर वाचतात, आणि जमावाची वाक्यं बाकांवर बसलेले आपण सगळे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येणारेजाणारे क्रुसाकडे पाहून येशूला डिवचतात, की देवाचा पुत्र असशील तर खाली उतर. मुख्य याजक म्हणतात, दुसऱ्यांना वाचवलं, याला स्वतःला वाचवता येईना. अरण्यातली अट अक्षरशः परत आली आहे. फरक इतकाच, की ती आता आपल्या तोंडी आहे. हातात झावळी धरून आपणच ती वाचतो. दैवतही स्वतःची सोय पाहणारं हवं, हा आपला जुना आग्रह.

याजकांनी कुचेष्टेने म्हटलेलं खरंच होतं. दुसऱ्यांसाठी भाकरी वाढवणारा स्वतःसाठी वाढवत नव्हता. दुसऱ्यांना वाचवणारा स्वतःला वाचवत नव्हता. ईस्टरनंतरही तो पिलातासमोर किंवा याजकांसमोर जाऊन ‘बघा, उतरलो की नाही’ म्हणत नाही. योहानाच्या शेवटच्या अध्यायात तो तिबिर्या समुद्राच्या काठावर कोळशाच्या विस्तवावर मासळी भाजतो, भाकर ठेवतो आणि रात्रभर जाळं टाकून थकलेल्या कोळ्यांना न्याहारीला बोलावतो. त्यातला एकजण त्याला ओळखत नाही म्हणून तीनदा सांगून मोकळा झालेला. त्यालाही पंगतीत जागा आहे.

चाळीस दिवसांनी आपण किती वाढलो हे मोजायचं असेल, तर काय काय सोडलं याची यादी कामाची नाही. आपल्या हातात जे आहे, पैसा, पद, वय, बरोबर असण्याचा अधिकार, ते वापरताना पहिला विचार कुणाचा येतो, ते पाहावं. तो विचार स्वतःवरून तसूभर जरी सरकला असेल, तर उपवास लागला म्हणायचा.