बारमाही खंडेनवमी

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून ज्या वस्तू खाली येतात त्यांना आपण बहुधा दोनच न्याय लावतो. जी चालत नाही ती भंगारात जाते आणि जी चालते, पण जुनी आहे, ती पुसूनपासून पुन्हा माळ्यावर जाते. ती कामाला लावावी हा तिसरा न्याय फारसा कुणाला सुचत नाही. जुनी, पण धडधाकट वस्तू वापरावी की जपून ठेवावी, हा प्रश्न दिसायला घरगुती आहे. त्याच्या मुळाशी मात्र नीतीचा प्रश्न आहे असे मला वाटते. दाढीच्या एका जुन्या रेझरच्या निमित्ताने तो मी मांडणार आहे. स्त्री-वाचकांनी एवढ्यावरून पान उलटू नये. रेझरच्या जागी त्यांनी आजीची पैठणी ठेवून पाहावी.

हा रेझर माझ्या आजोबांचा. अंग पितळेचे, वर निकेलचा मुलामा आणि तुकडे तीन. खाली दांडी, वर टोपी आणि त्या दोहोंच्या मध्ये पाते बसवायची पट्टी. दांडी पिळली की तिन्ही तुकडे एकमेकांना आवळतात आणि पाते किंचित वाकते. सारी खुबी त्या वाकण्यात आहे, कारण कागदासारखे पातळ पोलाद वाकवून धरले की ताठ होते आणि त्याची धार थरथरत नाही. आजोबा एक दिवसाआड ओसरीवर बसत, खिडकीच्या गजाला आरसा टांगत आणि पेलाभर ऊन पाण्यात दाढी उरकत. बोथटलेले पाते आजी शिवण उसवायला घेई आणि तिच्याकडून ते आमच्या पेन्सिलींना टोक काढण्यासाठी येई. दांडीच्या एका बाजूला मुलामा झिजून आतले पिवळे पितळ दिसते. ती आजोबांच्या अंगठ्याची जागा.

अशा रेझरची जन्मकथा मोठी गमतीची आहे. किंग कँप जिलेट हा अमेरिकेतला एक फिरता विक्रेता. बाटल्यांची बुचे करणाऱ्या कंपनीत तो नोकरीला होता. त्या बुचाचा जनक विल्यम पेंटर याने त्याला सल्ला दिला, असे सांगतात, की गिऱ्हाईक वापरून फेकून देईल आणि पुन्हा घ्यायला येईल असे काहीतरी तू शोधून काढ. जिलेटने टाकाऊ पाते शोधले. इतक्या पातळ पोलादाला धार टिकणार नाही असे जाणकारांचे मत पडले. विल्यम निकर्सन नावाच्या यंत्रज्ञाने ते खोटे ठरवले. १९०३ साली, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, रेझर खपले ५१ आणि पाती १६८. पुढच्या वर्षी पेटंट मिळाले आणि खप हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन शिपायाच्या सामानात हा रेझर आला आणि शिपाई तो घेऊनच घरी परतला. तोवर ज्याला दाढीसाठी न्हाव्याच्या धोकटीची वाट पाहावी लागे, किंवा वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासत बसावे लागे, तो माणूस स्वतःच्या गालांपुरता स्वतंत्र झाला.

यातला विनोद असा, की ज्या माणसाने वस्तू फेकून द्यायला जगाला शिकवले, त्याच्याच हातून कधी न फेकावी लागणारी वस्तू घडली. पाते टाकायचे होते म्हणून दांडी टिकाऊ करावी लागली. १९७१ साली दोन पात्यांचा रेझर आला, २००६ साली पाच पात्यांचा आला. त्यांची पाती प्लॅस्टिकच्या घरात कायमची बसवलेली असतात आणि एका दांडीचे घर सहसा दुसरीला चालत नाही. दुधारी पात्याचे माप मात्र असे टिकून राहिले की आज दुकानात मिळणारे पाते आजोबांच्या रेझरमध्ये बिनबोभाट बसते. म्हणजे हा रेझर जुना झाला आहे, निकामी झालेला नाही. आपला प्रश्न अवघड होतो तो यामुळेच. बंद पडलेले घड्याळ जपून ठेवण्यात कसले धर्मसंकट?

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांकडे अशा रेझरांचा संग्रह आहे. काचेच्या कपाटात मखमलीवर ते ओळीने मांडलेले असतात. १९५० नंतरच्या अनेक अमेरिकन जिलेट रेझरांच्या पोटाखाली एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा कोरलेला असतो. अक्षर सालाचे आणि आकडा तिमाहीचा. भिंगातून तो वाचून हे गृहस्थ रेझरची जन्मपत्रिका मांडतात. त्यांच्या छंदाला हसण्याचे मला कारण नाही. त्यातल्या कित्येक रेझरांना त्यांनी भंगारवाल्याच्या तराजूतून उचलून आणले आहे. मी आजोबांचा रेझर रोज वापरतो हे कळल्यावर ते कळवळून म्हणाले, "मास्तर, तुम्ही तो रोज थोडा थोडा मारता आहात."

हे वाक्य मला लागले, कारण ते खरे आहे. माझा अंगठा आजोबांच्या अंगठ्याच्याच जागी पडतो. मुलामा झिजतोच आहे, आणि मला आजोबांची म्हणून जी खूण प्रिय आहे तीच मी हळूहळू पुसतो आहे. रेझर कपाटात ठेवला तर ती जशीच्या तशी राहील. मग जपणारा कोण, ते गृहस्थ की मी?

याचे उत्तर शोधताना मला खंडेनवमी आठवली. त्या दिवशी सुतार रंधा-करवत मांडतो, शेतकरी कोयता-कुऱ्हाड मांडतो, न्हावी वस्तरा-कात्री मांडतो. हत्यारांना हळदकुंकू वाहतात, फूल ठेवतात आणि त्यांना विश्रांती देतात. पण पूजा उरकली की ती पुन्हा हातात येतात. पूजा हत्याराच्या कामाची असते आणि काम थांबते ते पूजेपुरते. संग्राहकाच्या कपाटात मात्र बारमाही खंडेनवमी चाललेली असते. तिथे हत्याराचा मान राहतो, पण ज्या कामामुळे तो मान मिळाला तेच संपते.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. मामाने तिला रंगांची सुरेख पेटी दिली होती. ती पेटी रोज दप्तरातून येई आणि न उघडता परत जाई. चित्रकलेच्या तासाला ती शेजारणीचे रंग मागून घेई. कारण विचारले तेव्हा म्हणाली, "संपतील ना, गुरुजी!" तिची माया खोटी नव्हती. परंतु मामाने तिला रंग दिले होते, तिने मात्र पेटी घेतली.

याचा अर्थ सगळेच वापरून संपवावे असा नव्हे. पहिल्या वर्षीच्या त्या ५१ रेझरांपैकी एखादा माझ्या हाती लागला, तर मी त्याने दाढी करणार नाही. तो संग्रहालयात द्यावा, कारण तो एका घराचा न राहता सर्वांचा पुरावा झालेला असतो. आजीची पैठणीही रोज नेसू नये; रेशीम विरते, आणि विरलेले परत येत नाही. पण लग्नाकार्यातही जी नेसली जात नाही, तिच्या घड्याच तिला कापतात. वस्तू विरळा आहे काय आणि वापराने ती संपते काय, एवढे दोन प्रश्न विचारून मग प्रत्येकाने आपला निवाडा करावा. आजोबांच्या जातीचे रेझर लाखांनी निघाले, आणि पितळेला झिजायला तीन पिढ्या पुरत नाहीत.

राहता राहिली अंगठ्याची खूण. ती आजोबांनी काही आठवण म्हणून ठेवली नव्हती. कचेरीत जायची घाई असे, पाणी निवत असे, आणि त्या घाईत ती उमटत गेली. तसल्याच सकाळच्या घाईत शाळेची वेळ गाठताना माझाही अंगठा तिथे पडतो. माझ्या मुलाला अजून मिसरूड फुटायचे आहे. उद्या हा रेझर त्याच्या हाती जाईल तेव्हा दांडीवरचा पिवळा डाग आणखी थोडा पसरलेला असेल. त्यात आजोबांचे किती आणि माझे किती, हे त्याला सांगता येणार नाही. ते सांगता यावे अशी माझी इच्छाही नाही.