परवृत्ताचे कुतूहल आणि साधकाची जिज्ञासा

मनुष्याला मनुष्याविषयी जितके कुतूहल असते तितके अन्य कोणत्याही वस्तूविषयी नसते. पर्वत, नदी, नक्षत्रे तो क्षणभर पाहतो आणि आपल्या कामास लागतो. परंतु शेजारच्या घरात कलह का झाला, नामांकित पुरुषाच्या संसारात काय बिनसले, अमक्याने तमक्याचा घात का केला, हे कळेपर्यंत त्याच्या चित्तास स्वस्थता नसते. सकाळी वर्तमानपत्राची वाट पाहणारा गृहस्थ आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर क्षणोक्षणी वार्ता पाहणारा तरुण, या दोघांची प्रवृत्ती एकच. मठ आणि आश्रम तरी तिच्यापासून सर्वथा मुक्त आहेत असे म्हणवत नाही. प्रातःकाळचे स्मरण पुरे होण्याआधीच 'आज काय घडले?' हा प्रश्न मनात उठतो. म्हणून ही प्रवृत्ती मुळात काय आहे, ती सर्वथा त्याज्य आहे की मर्यादेत ग्राह्य आहे, याचा शास्त्रदृष्टीने विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम दोन शब्दांतील भेद पाहिला पाहिजे. 'ज्ञा' धातूला इच्छार्थक प्रत्यय लागून 'जिज्ञासा' हा शब्द सिद्ध होतो. जाणण्याची इच्छा हा त्याचा अर्थ. कुतूहल वरून तिच्यासारखेच दिसते, पण त्याची गती निराळी आहे. जिज्ञासा ज्ञान झाल्यावर शांत होते आणि जाणलेल्याप्रमाणे वागावे, असे मनुष्यास प्रवृत्त करते. कुतूहल मात्र तृप्त झाले की लगेच नव्या विषयाकडे धावते. त्याला वस्तूचे ज्ञान नको असते, नवेपणाची गोडी हवी असते. शब्द हा श्रोत्रेंद्रियाचा विषय आहे आणि तो केवळ गायनवादनापुरता नाही. दुसऱ्याच्या जीवनाची रसभरित वार्ता हाही शब्दविषयच होय. गायनाचा त्याग केला म्हणून निश्चिंत झालेला साधक या दुसऱ्या द्वाराने विषयसेवन करीत राहतो आणि त्यास 'जगाची माहिती' असे नाव देतो.

परंतु यावरून विचारणे हाच दोष आहे असे ठरत नाही. महानुभाव पंथाचे वाङ्मय जिज्ञासेतूनच उभे राहिले आहे. महदाइसांचे प्रश्न सर्वांस परिचित आहेत. एखादी गोष्ट नीट उमजेपर्यंत त्या पुन्हा पुन्हा विचारीत आणि त्यांच्या त्या स्वभावाचा गौरव झाला, निषेध झाला नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा एकत्र करण्यासाठी पंडित म्हाइंभट गावोगाव हिंडले. ज्यांना सन्निधान लाभले होते त्यांच्याकडे ते स्वतः गेले आणि त्यांनी लहानसहान गोष्टही विचारून घेतली. एका प्रसंगाविषयी दोघांचे स्मरण भिन्न असेल तर तो भेद पुसून न टाकता नोंदविण्याची रीत या वाङ्मयात आढळते. श्रीनागदेवाचार्यांची मान्यता हा त्या सर्व श्रमाचा आधार होता. एका पुरुषाचे उठणे, बसणे, बोलणे, जेवणे यांविषयी इतकी सूक्ष्म विचारपूस दुसरीकडे क्वचितच झाली असेल. म्हणजे कुतूहल आणि जिज्ञासा यांतील भेद विषयाच्या लहानमोठेपणात नाही. कोणाविषयी विचारावे, कोणास विचारावे, किती श्रमाने विचारावे आणि कळल्यावर त्याचे काय करावे, यांत तो आहे.

ही चार अंगे सुटली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या राजधानीतच घडले आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा या व्यापाऱ्यास त्याच्या घरी गोळ्या घालून ठार केले आणि नंतर ते स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले. आपल्या पत्नीचा आहुजाशी संबंध असल्याचे त्याच दिवशी त्यांना तिच्याकडून कळले होते. त्या गृहिणीचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही; या विवेचनास त्याची आवश्यकता नाही. खटला सुरू झाला आणि शहरात दुसरा विषय उरला नाही. 'ब्लिट्झ' या साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे उचलून धरली. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांस विकला जात असे, असे सांगतात. मरणसमयी आहुजाच्या अंगाभोवती टॉवेल होता, म्हणून रस्त्यांवर 'आहुजा टॉवेल' आणि 'नानावटी रिव्हॉल्व्हर' या नावाची खेळणी विकली गेली. एका मनुष्याचा मृत्यू, एका स्त्रीची अप्रतिष्ठा आणि मुलांचे उद्ध्वस्त झालेले घर यांचे खेळणे झाले.

या काळात लोकांना काय ठाऊक नव्हते? नानावटी कसे दिसतात, त्यांचा बाणा कसा, आहुजाची राहणी कशी, हे सारे मुखोद्गत होते. दोघांच्या स्वभावाचा निर्णय आधीच झाला होता. एक सत्शील, दुसरा दुर्वृत्त. आणि स्वभावाचा निर्णय झाल्यामुळे कृतीचा विचार करण्याची गरज कोणास वाटली नाही. ज्यूरीतील नऊपैकी आठ जणांनी नानावटी निर्दोष असल्याचे मत दिले. सत्र न्यायाधीशांना ते मान्य झाले नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. तेथे १९६० साली जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या निर्णयात एक साधी गोष्ट नमूद आहे. दुपारी दीड वाजता नानावटी घरातून निघाले. त्यांनी पत्नीस व मुलांना चित्रपटगृहात सोडले, जहाजावर जाऊन निमित्त सांगून रिव्हॉल्व्हर घेतले आणि चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास आहुजाच्या घरी गोळ्या झाडल्या. मध्ये सुमारे तीन तास गेले होते. क्षणिक क्षोभ शांत होण्यास तेवढा अवधी पुरेसा होता. साऱ्या शहराला त्या पुरुषाचा स्वभाव माहीत होता, पण त्या तीन तासांकडे न्यायासनाचेच लक्ष गेले.

पुढे १९६४ साली राज्यपालांनी नानावटींना क्षमा केली. १९६८ मध्ये ते कुटुंबासह कॅनडास गेले आणि तेथेच २००३ साली वारले. त्या कुटुंबाने मौन पत्करले. लोकांचे कुतूहल मात्र शमले नाही. या प्रसंगाच्या आधारे १९६३ साली चित्रपट निघाला, १९७३ साली निघाला आणि २०१६ सालीही निघाला. देशातील हा शेवटचा ज्यूरी-खटला, ही समजूत अद्याप सांगितली जाते. ती यथार्थ नाही. त्यानंतरही काही ठिकाणी ज्यूरीसमोर खटले चालले आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती पद्धत उरली नाही. साठ वर्षे कथा चघळली गेली, तरी तिच्यातील साधी बाबही कोणी पडताळून पाहिली नाही. कुतूहलाला सत्याची गरज नसते, याहून दुसरा पुरावा कोणता हवा?

दृष्टांतपाठातील हत्तीचा दृष्टांत येथे आठवल्यावाचून राहत नाही. जात्यंधांनी हत्ती चाचपला. ज्याच्या हाती जे अंग लागले त्यालाच तो हत्ती समजला. ब्रह्मविद्येत तो दृष्टांत ज्ञानाविषयी आहे, तरी मनुष्याच्या स्वभावज्ञानासही तो लागू करता येतो. वार्ता मनुष्याचे एक अंग हाती देते. बहुधा त्याच्या आयुष्यातील अत्यंत वाईट दिवस. तेवढ्यावरून हा मनुष्य असाच, असे ठरविणे म्हणजे पाय चाचपून हत्तीला खांब म्हणणे होय. जीव हा अनादि अविद्येने वेढलेला आहे. त्याची एक कृती किती जन्मांच्या संस्कारांतून उपजली, हे परमेश्वरावाचून कोणीही जाणत नाही. न्यायालयसुद्धा कृतीचाच निर्णय करते, जीवाचा करीत नाही. जे परमेश्वराधीन आहे आणि जे न्यायासनही आपल्याकडे घेत नाही, ते चहाचा पेला हाती असलेला वाचक क्षणार्धात करून मोकळा होतो.

येथे कोणी शंका घेईल की, परवृत्ताकडे पाठ फिरविली तर चित्त कठोर होणार नाही काय? लोकांचे दुःख कळलेच नाही तर दया कशी उपजावी? शंका योग्य आहे. समाधानासाठी सशाच्या रक्षणाची लीळा पाहावी. पारध्यांनी सशामागे कुत्री सोडली होती. ससा धावत येऊन सर्वज्ञांच्या जानूखाली शिरला. पारध्यांनी तो परत मागितला. त्याच्यावर त्यांची होड लागली होती. म्हणजे त्यांना भूक नव्हती, ईर्षा होती. सर्वज्ञांनी शरणागतास सोडले नाही, पारध्यांची समजूत घातली आणि ते निघून गेल्यावर सशास आदराने संबोधून निरोप दिला. ससा तेथे सर्वांनीच पाहिला. पारध्यांनी पाहिला, कुत्र्यांनी पाहिला आणि स्वामींनीही पाहिला. पाहण्यात भेद नव्हता, पाहून काय केले यांत होता. ज्याची वार्ता सर्वत्र चालू आहे तो मनुष्य अपराधी असो वा निरपराध, त्या घटकेपुरता पाठलागातला ससा असतो. वार्ता ऐकणाऱ्याने आपण जानू आहोत की कुत्र्यांच्या मेळ्यात आहोत, एवढे स्वतःस विचारावे. दया उपजली तर ती काहीतरी करविते. निदान पुढे सांगण्याच्या मोहापासून जिव्हा आवरते. जी काहीच करवीत नाही आणि उद्याच्या अंकाची वाट पाहते, ती दया नव्हे.

दुसरी शंका अशी की, लीळाचरित्रातही भक्तांचे अहंकार, रुसवे आणि स्खलने आहेत. ती वाचणे योग्य आणि वर्तमानपत्र वाचणे अयोग्य, असे का? त्याचे उत्तर असे. त्या लीळांत दोष जेथे दिसतो तेथेच त्याचे निवारणही दिसते. दोष दाखविणारा तो दूर करणारा असतो आणि सांगणारे पुष्कळदा ज्यांचा दोष तेच असतात. आपले उणे त्यांनी स्वतः सांगून ठेवले, मागून येणाऱ्यांनी सावध व्हावे म्हणून. ते वाचताना वाचक स्वतःकडे वळतो. वार्तेत मात्र दोष दुसऱ्याचा, सांगणारा तिसरा आणि मोल देऊन ऐकणारा चौथा. त्या चौघांत सुधारणारा कोणीच नसतो.

अनुसरलेल्या साधकास तर याहून अधिक सावध राहिले पाहिजे. स्वदेश, स्वग्राम आणि आप्त यांचा संबंध सोडण्याची आज्ञा त्याने स्वीकारली आहे. जन्मदात्यांच्या घरचे कुशल तो विचारीत नाही. आणि ज्यांचे त्याने तोंडही पाहिले नाही अशा नटनट्यांच्या विवाहाची, पुढाऱ्यांच्या भांडणाची वार्ता त्यास हवी असावी काय? हा नवा संबंधच आहे. आप्तांच्या संबंधात निदान कर्तव्य असते, काही वेळा अश्रूही असतात; या संबंधात तेवढेही नाही. अटन, विजन, भिक्षा यांनी जे मोकळे केले ते वार्ता पुन्हा भरून टाकते आणि स्मरणास बसलेले चित्त न्यायालयाच्या ओसरीवर फिरून येते.

वासनिकांचा व्यवहार निराळा आहे. बाजारभाव, पाऊस, शासनाचे निर्णय, गावावरील संकट हे त्यांना कळले पाहिजे. त्यांनी वार्ता सोडावी असे म्हणणे व्यवहारास धरून होणार नाही. परंतु एखाद्याच्या खासगी जीवनाची कथा पुढे आली म्हणजे त्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. हे जाणून आपणास काही करावयाचे आहे काय? सांगणारा स्वतः पाहून सांगतो आहे काय? आणि हीच कथा आपल्या घरची असती तर ती या शब्दांत सांगितलेली आपणास सोसली असती काय? तिन्हींचे उत्तर नकारार्थी आले तर कथा तेथेच थांबवावी.

मनुष्यस्वभाव जाणण्याची इच्छा ज्यास खरोखर आहे, त्याच्याजवळ एक मनुष्य रात्रंदिवस असतो. त्याची कृती आडपडद्यावाचून पाहता येते, त्याच्या दुपारच्या तीन तासांचा हिशेब घेता येतो आणि त्याचे दोष कळल्यावर ते दूर करण्याचा अधिकारही असतो. त्याचे वृत्त कोणत्याही अंकात छापून येत नाही. साधकाची जिज्ञासा त्याच्याकडे वळावी, म्हणजे ती सफल होईल.