पोटातल्या आगीचं पाप कुणाच्या माथी?

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर, रानशेतकडेही, कुणी पोट धरून गडाबडा लोळू लागलं की अनेक घरांत पहिला प्रश्न असतो: हे केलं कुणी? भगत तांदळाचे दाणे बघतो आणि कोपलेल्या देवाचं नाहीतर भुताचं नाव सांगतो. शहरी माणूस याला हसतो. आयसीयूबाहेर बसायची पाळी आली की मात्र तोही 'कुठलं पाप भोवलं' म्हणून कपाळाला हात लावतो.

तीव्र स्वादुपिंडदाहात या प्रश्नाची पंचाईत होते. आतड्यात पोचल्यावर कामाला लागायचं ट्रिप्सिन हे पाचक विकर ग्रंथीतच कामाला लागतं आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. रोगविज्ञानी हान्स कियारी यांनी हे 1896 मध्येच सुचवलं होतं. दुखावलेल्या पेशी टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-1 बीटा अशा सायटोकाइन रेणूंची हाकाटी करतात. इंटरल्यूकिन-8 पांढऱ्या पेशींना बोलावतं. इंटरल्यूकिन-6मुळे यकृत सीआरपी नावाचं प्रथिन बनवू लागतं, आणि डॉक्टर रक्तात तेच मोजतात. बहुतेकांचं दुखणं काही दिवसांत निवळतं. काहींच्या बाबतीत मात्र हाकाटी अंगभर पसरते, केशवाहिन्या पाझरतात, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं कोलमडतात. चोर आलाच नाही, तरी राखणदारांनीच गाव पेटवावं, तसं.

मग ही हाकाटीच बंद पाडली तर? असाच एक रेणू अडवणारं लेक्सिपाफँट हे औषध मोठ्या चाचणीत फसलं. शिवाय या रेणूंवाचून जखमही भरत नाही, तेव्हा त्यांना दुष्ट तरी कसं ठरवणार?

दारू आणि पित्ताशयातले खडे ही नेहमीची कारणं. पण पिणाऱ्यांपैकी बहुतेकांना हा रोग होत नाही, आणि पीआरएसएस1 जनुकात दोष घेऊन जन्मलेल्या पोराला थेंबही न पिता होऊ शकतो. चरकाचा प्रज्ञापराध, म्हणजे बुद्धीच्या चुकीतून रोग ओढवतो हा विचार, इथे अर्धाच लागू पडतो.

सगळं सुखदुःख पूर्वकर्माचंच फळ, असं म्हणणाऱ्यांविषयी मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना विचारलं होतं. संयुत्तनिकायात बुद्ध ते मत खोडून काढतात आणि पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी आठ कारणं मोजतात. कर्म त्यातलं एक, तेही शेवटी. याच पालघर जिल्ह्यात सोपाऱ्याचा स्तूप 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरला. हा विचार मात्र अजून पुरलेलाच आहे.

भगताला जरूर विचारावं, पण मागाहून. पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारी कळ आणि न थांबणारी उलटी असेल, तर रुग्णाला आधी डहाणू किंवा कासा इथल्या उपजिल्हा रुग्णालयात न्या. पहिल्या दिवशी शिरेतून वेळेवर मिळालेलं सलाइन हाच आज मुख्य उपचार आहे.