ऐकून पाहणे

कुंभाराकडे मडकं घेताना आपण टिचकी मारून पाहतो. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे. डोळ्यांना न दिसलेली चीर कानाला कळते. मराठीत हे 'पाहणं' सगळ्याच इंद्रियांना लागतं: चाखून पाहा, हात लावून पाहा, ऐकून पाहा. ही नुसती बोलायची रीत आहे असं मला वाटायचं. दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनामच्या डोंगररानांतल्या एका उंदराविषयी वाचलं, आणि 'ऐकून पाहणं' अक्षरशः खरं असू शकतं हे पटलं.

त्याचं शास्त्रीय नाव टायफ्लोमिस, म्हणजे ग्रीकमध्ये 'आंधळा उंदीर'. 1877 साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ अल्फोन्स मिल्न-एडवर्ड्स यांनी ते दिलं. बोटभर अंग, मऊ राखी केस, अंगापेक्षा लांब शेपूट आणि तिच्या टोकाला झुपका. डोळे आहेत, पण टिपक्याएवढे. आतला पडदाही घड्या पडलेला, त्यावर वस्तूचं चित्र उमटणं शक्य नाही. फार तर उजेड-अंधार कळत असेल. आणि हा प्राणी रात्री, दाट झाडोऱ्यात, बारीक फांद्यांवरून सरसर चढतो.

हे त्याला जमतं कसं? व्हिएतनाममधले असे उंदीर रशियन संशोधकांनी तपासले. चढता-फिरताना ते आपल्या कानांना ऐकू न येणारे अतिशय बारीक पट्टीचे आवाज तुटक-तुटक काढत होते. पुढे 2021 मध्ये चिनी संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात या उंदराच्या चार जातींवरचं काम प्रसिद्ध केलं. अंधारात वाट शोधणाऱ्या उंदरांच्या कानांत बोळे घातले की ते चुकत, बोळे काढले की पुन्हा जमे. मला यात विशेष वाटतं ते हे, की 1790 च्या दशकात जिनिव्हाच्या लुई ज्युरीन यांनी वटवाघळांचे कान बंद करून हीच युक्ती केली होती. कान बुजवलेली वटवाघळं अडथळ्यांवर आदळली. त्यांच्या न ऐकू येणाऱ्या आवाजाचा छडा मात्र 1930 च्या दशकाअखेरीस लागला.

आवाज इतका बारीक पट्टीचा का, हे समजलं की सगळं उलगडतं. आपल्या साध्या हाकेतली ध्वनिलहर हातभर लांब असते. ती काडीसारख्या फांदीला वळसा घालून पुढे निघून जाते, परत काही सांगत नाही. सेकंदाला एक लाख कंपनं असलेल्या आवाजाची लहर जेमतेम साडेतीन मिलिमीटरची. ती काडीवर आपटून मागे येते. फांदी मीटरभर अंतरावर असेल तर उत्तर यायला सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे सहा भाग लागतात. असा आवाज हवेत लवकर विरतो, पण झाडावर चढणाऱ्याला पुढची फांदी कळली की पुरे. वटवाघळाला उडता-उडता दूरचा किडा हेरायचा असतो, म्हणून ते मोठ्याने ओरडतं. उंदराची ही टिचकी हळुवार आहे.

सारखेपणा इथे संपत नाही. घशाजवळचं एक हाड या उंदरांत कानाच्या हाडाला जुळलेलं आढळलं, जसं आवाजाने वाट काढणाऱ्या वटवाघळांत असतं. ऐकण्याशी निगडित जनुकांतही दोघांत सारखे बदल सापडले, आणि नातं तर जवळचं नाही! या उंदराचा खरा नातलग आपल्या पश्चिम घाटात आहे. कर्नाटकापासून खाली केरळ-तमिळनाडूपर्यंतच्या सदाहरित रानांत, झाडांच्या ढोलीत राहणारा, मिरीवर ताव मारणारा काटेरी झाडउंदीर. एडवर्ड ब्लाइथ यांनी 1859 साली त्याचं वर्णन केलं. या दोघांच्या कुळाच्या आज हयात असलेल्या शाखा या दोनच.

वटवाघळं आधी उडायला शिकली की आधी आवाजाने पाहायला, हा वाद जुना आहे. त्याचा निकाल एका उंदरावरून लागणार नाही. पण पंखांवाचूनही, फांदी घट्ट धरून, आवाजाने वाट काढता येते हे त्याने दाखवलं. वटवाघळांचे पूर्वजही अशाच रात्री झाडावर चढत, समोरच्या अंधाराला टिचक्या मारत असतील, ही कल्पना आता हवेतली राहिली नाही.