खिळा पक्का, दोरी सैल

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की घरोघरी एक काम निघते. गुरुचरित्राच्या सप्ताहाआधी भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात. काच पुसायची, वाळलेला हार काढायचा, चौकटीमागचे जळमट झाडायचे आणि तसबीर पुन्हा जागेवर लावायची. खरी परीक्षा इथेच असते. एक जण स्टुलावर चढतो, खाली चौघे उभे राहतात. "डावीकडून थोडी वर... अहो जास्त झाली... आता उजवीकडे कलली!" शेवटी कशीबशी सरळ होते, आणि संध्याकाळी वाऱ्याने दार आपटले की पुन्हा वाकडी.

हसण्यावारी नेऊ नका. आपले दैवत कोणते? पृथ्वीपासून कुंभारीण माशीपर्यंत चोवीस गुरू करणारे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला हे गुरू एकेक करून सांगतात. त्यात कोळी आहे, अजगर आहे, साळी कांडणारी मुलगी आहे, बाण सरळ करणारा कारागीर आहे. चोविसानंतर डोळे मिटून घ्या, असे काही अवधूतांनी सांगितलेले नाही. तेव्हा या दत्तजयंतीला आपण तसबिरीमागची दोरी जरा निरखून बघू.

आधी ही तसबीर घरात आली कुठून ते पाहू. दत्तसंप्रदायात मुख्य मान पादुकांचा. गाणगापूरला निर्गुण पादुका, वाडीला मनोहर पादुका, औदुंबरला विमल पादुका. पण प्रपंचातल्या माणसाला रोज गाणगापूर कुठले घडायला? त्याला सकाळी उठल्याबरोबर समोर रूप हवे. ही सोय छपाईने केली. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि काही वर्षांतच तो मळवलीला नेला. मळवली आपल्याला परकी नाही. कर्जतहून गाडी सुटली, पळसदरी मागे पडली, बोरघाट चढून खंडाळा-लोणावळा गेले की पुढचेच स्टेशन. तिथे दगडावर चित्र उतरवून, एकेका रंगाला वेगळा दगड लावून देवांची चित्रे छापली जात. लक्ष्मी, सरस्वती आणि आपले तीन शिरे, सहा हातांचे दत्तप्रभू तिथून निघाले आणि ज्याच्या घरी देव्हाऱ्यापुरती जागा नव्हती त्याच्याही भिंतीवर येऊन बसले. १९७२ साली तो छापखाना आगीत सापडला, पण तोवर देव घरोघर पोहोचले होते.

देव आले, आता टांगायचे कसे? आमच्या कर्जत-खालापूरकडच्या भिंती काही एका जातीच्या नाहीत. डोंगरपट्टीत कारवीच्या काठ्यांना शेणमातीचा लेप देऊन केलेला कूड. कुडात खिळा धरत नाही, लेप तेवढा सुटतो. म्हणून तिथे तसबीर खांबाला लावायची. गावात जुन्या विटामातीच्या भिंती. तिथे खिळा सुखाने आत जातो आणि तितक्याच सुखाने बाहेर येतो, म्हणून जुनी माणसे आधी लाकडाची खुंटी ठोकून मग तिच्यात खिळा मारत. आणि आता नेरळ, कर्जत, खोपोलीला उभ्या राहिलेल्या इमारतींत सिमेंट काँक्रीट. तिथे हातोडी मारून खिळा वाकतो. ड्रिलने भोक पाडून, प्लग घालून, मग स्क्रू पिळावा लागतो.

तीन भिंती, तीन रीती. पण एक गोष्ट तिन्हीकडे सारखी : आधार पक्का हवा. वरवरच्या लेपात ठोकलेला खिळा चार दिवस बरा दिसतो. आपली श्रद्धा नेमकी कशात रोवलेली आहे, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. नवस फेडून घेण्यापुरती असेल तर ती लेपातच आहे. खांब लागेपर्यंत आत जायला हवे. रोजचा नेम, रोजचे नाम, दाराशी आलेल्याला घास, हा तो खांब.

आता दोरीकडे या. जुन्या घरांत तसबीर भिंतीला चिकटवून लावत नसत. खालची कड लाकडी पट्टीवर किंवा दोन खुंट्यांवर टेकवायची आणि वरची बाजू दोरीने मागे धरायची. दोरी लांब केली की तसबीर पुढे झुके, आखूड केली की भिंतीकडे जाई. कमीजास्त करता येणारी ही साधी युक्ती आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होती. त्यामागे शहाणपण होते. खाली पाटावर बसलेल्याला मान न ताणता दर्शन होई. काचेवर उजेडाची तिरीप कमी येई. आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस! आषाढ-श्रावणात भिंतींना ओल फुटते. भिंतीला घट्ट चिकटलेल्या चित्राला मागून बुरशी धरते, थोडे अंतर राखलेले चित्र वाऱ्यावर कोरडे राहते. म्हणून आजही चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचा किंवा रबराचा छोटा तुकडा चिकटवावा.

आणि भाव कसा आहे बघा! आपण मान वर करतो आणि देव आपल्याकडे वाकून बघतो. ते वाकणे कशामुळे? दोरी सैल सोडली म्हणून.

कोणी म्हणेल, सैल दोरी म्हणजे कच्चे काम. तसे नाही. हिशेबच मांडू. समजा तसबीर चार किलोची आहे. मागे दोन कड्या, मध्ये दोरी, दोरी एका खिळ्यावर. दोरीला भरपूर ढील असेल आणि ती दोन्ही बाजूंना आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन करून उतरत असेल, तर प्रत्येक बाजूवर साधारण सव्वादोन किलोचा ताण पडतो. ढील कमी करून कोन ३० अंशांवर आणला तर ताण चार किलो. आणि अगदी ताणून, १० अंशांवर बांधली तर ताण साडेअकरा किलोंच्या घरात जातो. तसबीर तीच, वजन तेवढेच. ताणून बांधणाऱ्याने दोरीवरचे ओझे पाचपट केले.

मंडळी, घरे मोडतात ती बहुतेक वेळा ओझ्याने मोडत नाहीत, या ताणाने मोडतात. "आमच्या घरात असेच झाले पाहिजे" हे वाक्य जितके ताणावे तितकी दोरी तुटायला येते. सोवळे, वेळ, नैवेद्याचे पदार्थ, आरतीला कोण हजर आणि कोण नाही. दत्तप्रभूंचे वजन घराला कधी झाले आहे का? वजन होते ते आपल्या आग्रहाचे.

आणखी एक गंमत. तसबीर एका खिळ्यावर टांगली की ती सारखी कलते, कारण दोरी त्या एका टोकावर घसरते. तीच दोरी थोड्या अंतरावरच्या दोन खिळ्यांवर घेतली की तसबीर स्थिर राहते. ते दोन खिळे अगदी एका पातळीत नसले तरी चालते. दोरी जराशी सरकवली की चौकट समतोल होते. संसारही दोघांवरच तोललेला असतो. नवरा-बायको एका उंचीचे, एका स्वभावाचे कुठे असतात? एक लवकर चिडणारा, दुसरी मनात ठेवणारी. पण मधली दोरी सरकती असली की घर सरळ राहते. अत्री ऋषी आणि अनसूया माता यांच्याच घरी दत्तप्रभू लेकरू होऊन आले, हे विसरू नका.

हल्ली बाजारात नव्या तऱ्हेचे आकडे मिळतात. पत्र्याची छोटी पट्टी, तिच्यात आकडा आणि आकड्याला मळसूत्र. स्क्रू फिरवला की आकडा हळूहळू वर-खाली सरकतो, तसबीर केसभर उचलता येते. काही चौकटींना मागे दातेरी पट्टी असते. एक दात पुढे-मागे सरकवले की चौकट सरळ. यात शिकण्यासारखे काय, तर दुरुस्ती मागे होते. पुढून तसबिरीला ढकलून सरळ करणारा रोज ढकलत राहतो. मागे हात घालून दोरी दुरुस्त करणारा एकदाच करतो. कर्जत स्टेशनवर घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिने जोडतात. डब्यात बसलेल्याला ती दिसत नाहीत, पण चढ त्यांच्या बळावर पार होतो. तसेच हे. मूल उद्धट बोलले, सुनेने तोंड फिरवले, म्हणजे तसबीर कलली. लगेच पुढून ढकलू नका. मागे काय सैल झाले, काय जास्त आवळले गेले, ते बघा. पुष्कळदा ती दोरी आपल्याच हातातली असते.

आणि सरळ झाली की नाही, हे स्टुलावर चढलेल्याला कळत नाही. त्याचे नाक काचेला लागलेले असते. ते खाली उभ्या असलेल्याला कळते, म्हणून गवंडीसुद्धा डोळ्यावर विसंबत नाही, ओळंबा सोडतो, पाणसळ लावतो. आपला ओळंबा म्हणजे गुरुवचन. आणि खालून "जरा कलली आहे हो" असे सांगणाऱ्या माणसावर रागावू नये.

अवधूतांच्या गुरूंमधला तो बाण करणारा आठवा. समोरून राजाची स्वारी वाजतगाजत गेली आणि त्याला कळले नाही, कारण त्याचे सगळे चित्त बाण सरळ करण्यात होते. आपले उलटे होते. तसबीर लावताना चित्त स्वारीकडे. पाहुणे काय म्हणतील, चौकट सोनेरी आहे ना, शेजाऱ्यांपेक्षा मोठी आहे ना.

आता जरा नाजूक विषय. वाड्यातले, चाळीतले घर सुटते. मुलगा पनवेलला, बदलापूरला, पुण्याला फ्लॅट घेतो. वडिलांच्या वडिलांची दोन हात उंच तसबीर बरोबर येते. सूनबाई म्हणते, "बाबा, एवढी मोठी कुठे लावायची?" घर भाड्याचे असेल तर मालक भिंतीला भोक पाडू देत नाही. आजोबा म्हणतात, "लावायची तर तशीच आणि तेवढीच, नाहीतर मी येत नाही." दोघेही खोटे बोलत नाहीत. आणि या ओढाताणीत शेवटी काय होते? एका सकाळी ती तसबीर देवळाच्या औदुंबराखाली टेकवलेली दिसते. काच तडकलेली, पावसाने रंग ओघळलेले. ज्यांच्यापुढे तीन पिढ्यांनी निरांजन ओवाळले, त्यांना असे उघड्यावर सोडून आपण पाया पडून निघून येतो.

वडीलधाऱ्यांनो, भिंत बदलली की टांगण्याची रीत बदलावी लागते. कुडावरची रीत काँक्रीटला चालत नाही. मोठी तसबीर मावत नसेल तर त्याच रूपाची वीतभर तसबीर घ्या, ती नातवाच्या हाताने लावून घ्या. ज्या हाताने दोरी बांधली तो हात उद्या दिवा लावील. आणि तरुण मंडळींनो, दोरी सैल याचा अर्थ खिळाच काढून टाकावा असा नाही. टीव्हीला एक अख्खी भिंत मिळते, मग दत्तप्रभूंना वीतभर जागा मिळत नाही, हे काही बरोबर नाही.

काही घरांत याच्या उलट असते. प्रत्येक यात्रेची एक तसबीर आणि भिंतीला श्वास घ्यायला जागा नाही. तिथे ती साळी कांडणारी मुलगी आठवावी. घरी पाहुणे आले, कांडताना बांगड्या वाजू लागल्या, तसतशी तिने एकेक उतरवली. दोन राहिल्या तरी किणकिण होईना का? शेवटी हातात एकेकच ठेवली. आपल्या भाताच्या मुलखात ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. मन एका रूपावर ठरत नसेल तर भिंतीवरची गर्दी कमी करावी. उतरवलेल्या तसबिरीची काच आणि लाकूड वेगळे करावे, कागद मानाने विसर्जित करावा, किंवा देवळात विचारून, त्यांनी घेतली तरच द्यावी.

इतके बोललो ते भिंत आहे असे धरून. पण भिंतच गेली तर? १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. झोपलेली घरे, माणसांसकट. तिथे पक्क्या खिळ्याची गोष्ट कोणी कोणाला सांगावी? अशा वेळी उपदेशकाने गप्प बसावे हे खरे. एवढेच सांगतो. वर गाडी जाईल असा रस्ता नव्हता, यंत्रे पोहोचत नव्हती. तरी अंधारात, कोसळत्या पावसात, चिखलाच्या पायवाटेने माणसे डोंगर चढत गेली आणि फावड्यांनी, हातांनी माती उपसू लागली. कोणाच्या घरी कोणत्या देवाची तसबीर होती, हे कोणी विचारले नाही.

आपले दत्तप्रभू स्मर्तृगामी आहेत. स्मरण केले की येतात, त्यांना यायला खिळा लागत नाही. सकाळचे स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, निद्रा माहूरला, अशी ज्यांची फिरती, ते आपल्या चौकटीत कोंडून राहतील होय? तसबीर त्यांच्या सोयीसाठी नाही, आपल्या विसरभोळ्या मनाच्या सोयीसाठी आहे. भिंत आहे तोवर तिच्याकडे बघून आठवण पक्की करून घ्यायची. ज्या दिवशी भिंत नसेल त्या दिवशी दुसऱ्याच्या दाराशी धावून जाण्याइतकी ती हातापायांत उतरलेली असावी.

तेव्हा यंदा सप्ताहाआधी तसबीर उतरवाल, त्या वेळी मागची दोरी हातात घेऊन बघा. सुतळी कुजली असेल तर बदला, कड्या हलत असतील तर पिळून घ्या, खिळा ओढून बघा. दोरीला थोडी ढील द्या. घरातल्या सगळ्यांत लहान माणसाला खाली उभे करा आणि तो सांगेल तसे वर-खाली करा. आणि घरात ज्याच्याशी बोलणे ताणून धरले आहे, त्याच्याशीही त्याच दिवशी थोडी ढील देऊन दोन शब्द बोला. मग पोथी उघडा.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!